व्हेगन झालोय पण स्वयंपाक येत नाही, रोज करून काय खायचं?

भुकेला_बाब्या

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी २६, मूळचा सातारकडचा, नोकरी हिंजवडीला, वाकडला दोघांत मिळून फ्लॅट आहे भाड्याचा. सव्वा महिना झाला दूध दही तूप पनीर अंडी सगळं बंद केलंय, मटण चिकन त्याआधीच सुटलं होतं. का सोडलं ते इथे नको, त्यावर दोनशे प्रतिसाद पडतील आणि मी उपाशीच राहीन. आधी डबा होता पण डबेवाल्या काकूंना म्हटलं पोळीला तूप नको, भाजीत साय-पनीर नको, तर त्या म्हणाल्या पोट बिघडलंय का रे, आणि आठवडाभर नुसती मुगाची खिचडी पाठवली, तीपण तुपाच्या फोडणीची. शेवटी डबा बंद केला.

मला येतं काय तर चहा, मॅगी आणि कुकरला भात. बास. व्हिडिओ बघतो तर प्रत्येकात न्यूट्रिशनल यीस्ट, चिया सीड्स, काजूचं चीज, अमकं बटर. बदामाचं दूध आणलं अडीचशेला लिटरभर, त्याचा चहा खडू घोळल्यासारखा झाला. व्हेगन चीज आणलं ते अजून फ्रिजमध्ये पडून आहे, रूममेट म्हणतो मोज्यांचा वास येतो. महिन्याचं बजेट पंधरा दिवसांत संपलं.

सामान: दोन बर्नरचा गॅस, तीन लिटरचा कुकर, मिक्सर, एक कढई, एक नॉनस्टिक तवा. घरी येतो साडेआठला, त्यामुळे अर्ध्यापाऊण तासात होईल असं सांगा. पोळ्या लाटता येत नाहीत, भारताचा नकाशा पण नाही होत, नुसतं चिकटतं. आणि प्रोटीनचं काय, ऑफिसात रोज कोणीतरी विचारतं.

---

खडूस

भात येतो ना? लोणचं आण. झाला धागा.

(चिया सीड्स म्हणजे आपल्या सब्जाचा लांबचा चुलतभाऊ, उगाच फॉरेनची हवा.)

---

आमसूल

बाब्या, खडूसकडे लक्ष देऊ नकोस, त्याचा स्वभावच तसा, मनाने वाईट नाही.

तू ते चीज-बिझ आधी विसर. तुझी गफलत अशी झालीये की तू दुधाच्या जागी दुधासारखं काहीतरी शोधत बसलायस. अरे आपल्या रोजच्या जेवणात दूध होतंच किती? वरणभातावर तूप, शेवटी ताकभात आणि चहा. पिठलं, आमटी, उसळ, भरीत, झुणका, थालीपीठ, पोहे, ठेचा, भाकरी, चटण्या, ह्यात कुठे आलं दूध? आमच्याकडे रत्नागिरीला तर दूध म्हटलं की आधी नारळाचंच डोळ्यासमोर येतं. तेव्हा नवीन काही शिकायचं नाहीये तुला, जुनंच शिकायचंय, ते कोणी शिकवलं नाही एवढंच.

पहिली शिकायची ती फोडणी, कारण ती जमली की पन्नास पदार्थ आले. कढईत दोन चमचे तेल, मध्यम आच. तेल तापलं का ते बघायला मोहरीचा एकच दाणा टाकायचा, तो लगेच तडतडला तर बाकीची घालायची, गप्प बसला तर थांबायचं. मोहरी फुटत आली की गॅस बारीक, मग जिरं, मग हिंग, कढीपत्ता, मिरची आणि हळद सगळ्यात शेवटी, कारण हळद क्षणात जळते आणि मग सगळं कडू. नवशिक्यांचं नेमकं इथेच बिघडतं, मोहरी कच्ची राहते आणि हळद करपते.

आता पिठलं. चार मोठे चमचे बेसन, दोन वाट्या पाणी. बेसन आधी वाटीभर थंड पाण्यात कालवून घे, गुठळी दिसली तर बोटांनी मोड. फोडणीत एक कांदा, दोन मिरच्या, लसूण चार पाकळ्या ठेचून, कांदा मऊ झाला की उरलेलं पाणी आणि मीठ घाल, उकळी आली की कालवलेलं बेसन एका हाताने ओत आणि दुसऱ्या हाताने ढवळत रहा, हात थांबवायचा नाही. दाट झालं की झाकण ठेवून बारीक गॅसवर पाच-सात मिनिटं वाफ काढ, नाहीतर बेसन कच्चं लागतं आणि पोटात दुखतं. वरून कोथिंबीर. ताकातलं पिठलं आवडत असेल तर दोन आमसुलं टाक त्यात, आंबटपणा मिळतो.

पोळ्यांचं सोड सध्या. घावन कर. वाटीभर तांदळाचं पीठ, दोन वाट्यांच्या वर पाणी, मीठ, ताकाएवढं पातळ पाहिजे. तवा चांगला तापू दे, थोडं तेल पुस आणि कडेने आत असं ओत, पसरवायला जायचं नाही, आपोआप जाळी पडते. झाकण ठेव, कडा सुटल्या की काढ. पीठ खाली बसतं म्हणून दर वेळी ढवळून घ्यायचं. पहिला बिघडतोच, तो उभ्या उभ्या खायचा असतो.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमसूल ताईंना अनुमोदन, पण वरणभातावरच्या तुपाची जागा रिकामीच ठेवली त्यांनी. भाऊ, आमच्याकडे गोळाभातावर तूप नाही घेत कोणी, फोडणीचं तेल घेतो. छोट्या कढलीत तीन-चार चमचे शेंगदाण्याचं तेल, मोहरी, हिंग जरा सढळ, दोन सुक्या मिरच्या तोडून, लसूण आवडत असेल तर तोही लाल होईस्तोवर, आणि ते चर्रर्र करून गरम गरम भातावर. एकदा खाऊन पाय, तुपाची आठवण निघते का ते मग सांग. बाटलीत भरून ठेवलं तर आठवडाभर पुरते (लसूण घातला असेल तर मात्र उरवायचं नाही, त्याच दिवशी संपवायचं).

दुसरं जवसाची चटणी. जवस मंद भाजायचे तडतडेपर्यंत, लाल मिरच्या, लसूण, जिरं, मीठ, मिक्सरला फिरवलं की झालं. भाकरीवर चटणी आणि वरून कच्चं तेल. भाकरी येत नसेल तर हिंजवडीवाल्यांना विकत मिळते म्हणे, आमच्या पोरींनी पाहिलं तर हसतील पण असो.

आणि डाळकांदा. चणाडाळ सकाळी ऑफिसला जाताना भिजत टाक, रात्री दोन मोठे कांदे उभे चिरून तेलात परत, तिखट, काळा मसाला, डाळ, बुडेल इतकं पाणी, कुकरच्या तीन शिट्ट्या. खोबरं-खसखस भाजून वाटून लावलं तर पाहुण्यांना पण चालते. प्रोटीन विचारणाऱ्याच्या तोंडात हाच एक घास दे, बोलणं बंद होईल.

---

बर्फातला_बंड्या

म्युनिकहून लिहितोय, सहा वर्षं झाली व्हेगन होऊन, तुझ्या सगळ्या चुका मी आधीच करून ठेवल्यात. पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने सोयाच्या दह्याची कढी केली, फोडणी बिडणी आलं मिरची कढीपत्ता सगळं साग्रसंगीत, आणि पहिल्या घोटाला कळलं की दही व्हॅनिलाचं होतं. डब्यावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. बायको अजून ती गोष्ट प्रत्येक पार्टीत सांगते.

टोफूबद्दल (म्हणजे सोयाच्या दुधाचं पनीर) एक सांगतो कारण सगळे पनीरसारखा थेट ग्रेव्हीत टाकतात आणि मग म्हणतात पुचाट लागतो. टोफूला स्वतःची चव नसते आणि आत पाणी असतं, ते आधी बाहेर काढायला हवं. पंचात किंवा स्वच्छ फडक्यात गुंडाळ, वर जड काहीतरी ठेव (मी वरवंटा ठेवतो, आईने बॅगेत टाकून दिला होता, एअरपोर्टवर त्याची वेगळीच कथा झाली) आणि वीस मिनिटं विसरून जा. मग चौकोनी तुकडे, मीठ हळद तिखट आणि चमचाभर तांदळाचं पीठ चोळून तव्यावर थोड्या तेलात सगळ्या बाजूंनी लाल कर. मग घाल ग्रेव्हीत. किंवा सरळ कुस्कर आणि कांदा टोमॅटो मिरची घालून भुर्जी कर, दहा मिनिटांत होते, पावाबरोबर ऑफिसच्या डब्याला मस्त. टोफू महाग वाटला तर सोयाचे चंक्स, मिठाच्या पाण्यात उकळायचे, थंड पाण्यात टाकून दोन-तीनदा घट्ट पिळायचे, तो पिळायचा टप्पा गाळला की वास येतो. सुक्या चंक्समध्ये १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, तूरडाळीत २२ च्या आसपास, शेंगदाण्यात २५. आता सांग ऑफिसात.

पण रोज चंक्स खाऊ नकोस, कंटाळा येतो. कडधान्य बदलत रहा, तेच खरं.

---

साखरझोप

पाककृती चालू आहेत त्यात मिठाचा खडा टाकते, माफ करा, पण कोणीतरी सांगायला हवं. प्रोटीनची काळजी सगळे करतात आणि बी-१२ जीवनसत्त्वाचं कोणी विचारत नाही. ते वनस्पतींत नसतं. मी दीड वर्ष अगदी कडक पाळलं, जेवण उत्तम, भाज्या भरपूर आणि मग हातापायाला मुंग्या, जिना चढताना धाप, नावं विसरायला लागले, मला वाटलं कामाचा ताण. तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनं घ्यावी लागली. आता गोळी चालू आहे नेमाने, ठणठणीत आहे. स्पिरुलिनाने (ती शेवाळाची पावडर) भागतं असं कोणी सांगेल तर ऐकू नकोस, त्यात जे असतं ते आपल्या शरीराला बी-१२ म्हणून वापरता येत नाही. डॉक्टरांना विचार, एकदा रक्त तपासून घे, आणि गोळी किती ती तेच सांगतील.

उसळीवर लिंबू पिळायची आपली पद्धत मात्र चालू ठेव, लोह शोषायला मदत होते. जेवल्या जेवल्या चहा नको. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ.

अजून एक, हिरवा ठिपका बघून वस्तू उचलू नकोस. तो शाकाहारीचा, त्यात दूध चालतं. बिस्किटं, टोस्ट, काही ब्रेड, चिप्सचे मसाले, सगळीकडे मिल्क सॉलिड्स असतात, मागची बारीक अक्षरं वाचायची. व्हेगनसाठी एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) वेगळे नियम २०२२ मध्ये आले, त्याचं इंग्रजी व्ही असलेलं हिरवं चिन्ह असतं, पण ते नसलं म्हणजे व्हेगन नाहीच असं नाही, साध्या पोह्याच्या पाकिटावर कोण छापतंय. आणि मध पण बाद हं, बरेच जण विसरतात.

---

खडूस

मध पण? मधमाशीला विचारलंय का कोणी.

---

साखरझोप

तिला विचारत नाहीत म्हणूनच बाद.

---

भुकेला_बाब्या

बाप रे एवढे प्रतिसाद, खरंच खूप धन्स सगळ्यांना. बी-१२ ची तपासणी शनिवारी करतोय.

रिपोर्ट देतो. फोडणीचं तेल: सुपरहिट, रूममेट तूप खाणारा आहे तरी त्याने माझंच संपवलं. पिठलं: चव बरोबर आली पण गुठळ्या राहिल्या, लाडू म्हणावेत एवढ्या, मी बेसन डायरेक्ट उकळत्या पाण्यात टाकलं कारण कालवायचं विसरलो. घावन: पहिले तीन बिघडले, उभ्या उभ्या खाल्ले, चौथ्याला जाळी पडली तेव्हा फोटो काढून आईला पाठवला, तिने उत्तर दिलं तवा धुतोस ना.

मटकीची उसळ करायला गेलो ती फसली. मोड यायला दोन दिवस लागले, त्यातून थोडा वास आला, आणि कुकरला चार शिट्ट्या केल्या तर उसळीची आमटी झाली, मोड कुठे गेले कळलंच नाही.

आणि चहाचं काय करू ते सांगा ना कोणीतरी. बाकी सगळं जमतंय पण सकाळी चहा नाही म्हणजे मी माणूसच नसतो. शिवाय आई येणारे पुढच्या महिन्यात आठ दिवस, तिला दही लागतंच जेवताना, आणि ती असताना दोन वेगळे स्वयंपाक नकोत असं वाटतं.

---

आमसूल

अरे मटकीला एक शिट्टी! तीही मोडाच्या मटकीला जेमतेम, खरं तर कढईत झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटांत शिजते ती, झाकणावर पाणी ठेवायचं म्हणजे खाली लागत नाही. चार शिट्ट्या काळ्या वाटाण्याला, नव्हे त्याला पाच-सहा.

मोडाचं असं, रात्री भिजत घाल, सकाळी सगळं पाणी काढून टाक, दोनदा धुऊन निथळून मग फडक्यात बांध. तुझं पाणी आत राहिलं असणार म्हणून वास आला. थंडीत वेळ लागतो, पिठाच्या डब्याशेजारी किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवायचं. रविवारी एकदम जास्त मोड काढून फ्रिजमध्ये ठेवलेस तर तीन-चार दिवस निघतात, मग साडेआठला आलास तरी नऊला पानावर.

ग्रेव्ही दाट करायला क्रीमबिम लागत नाही, शेंगदाण्याचं कूट घाल. किंवा नारळाचं दूध, पण ते घातल्यावर खळखळून उकळायचं नाही हं, फाटल्यासारखं होतं. पातळ दूध आधी घालून भाजी शिजव, घट्ट दूध शेवटी घाल, एक चटका दे आणि गॅस बंद. सोलकढी तर उकळतच नाहीत, आठ-दहा आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास, नारळाच्या दुधात ते पाणी, मीठ, मिरची-लसूण वाटून, झाली. आईला ताकाऐवजी ती दे.

---

वऱ्हाडी_ठेचा

चहावर माझं मत: कोरा चहा, गूळ, गवती चहा, आलं. बाकी सगळी फसवणूक आहे.

---

बर्फातला_बंड्या

नाही हो, दुधाचा चहा होतो. सोयाचं दूध, बिनसाखरेचं आणि साधं (व्हॅनिला नको!!). आधी पाण्यात आलं, पावडर, साखर चांगली उकळून कडक करून घ्यायचा, दूध वेगळं गरम करून शेवटी ओतायचं आणि नंतर फार उकळायचं नाही. थंड दूध उकळत्या चहात टाकलं की फुटतं, तू बदामाचं तसंच केलं असणार. ओटचं पण चालतं पण जास्त तापवलं की बुळबुळीत होतं. अमृततुल्यची सर येणार नाही, खोटं कशाला बोलू. नव्वद टक्के.

---

खडूस

सत्तर.

---

चिंचगूळ

दह्याचं मी सांगते, आमच्याकडे सासऱ्यांना दूध पचत नाही म्हणून तीन वर्षं हेच लावते. शेंगदाण्याचं दही. वाटीभर कच्चे शेंगदाणे आठ तास भिजवायचे, चोळून सालं काढायची (कंटाळवाणं आहे, सीरियल बघत करायचं), तीन वाट्या पाणी घालून मिक्सरला एकदम बारीक वाटायचं, फडक्यातून गाळायचं. ते दूध ढवळत ढवळत उकळायचं, आठ-दहा मिनिटं तरी, तळाला लागतं म्हणून जाड बुडाचं पातेलं. कोमट झालं, म्हणजे बोट बुडवून सहन होईल इतपत, की त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाकायचे आणि उबेला ठेवायचं. आठ-दहा तासांत लागतं. पहिल्या वेळचं जरा पातळ आणि कमी आंबट होतं, ते देठ काढून चमचाभर दुसऱ्या दुधाला विरजण म्हणून लावायचं, ते मात्र झकास लागतं. शेंगदाण्याचा किंचित वास राहतो. नुसतं खायला सवय लागते, पण कोशिंबीर, दहीभात, कढी ह्यात कळतसुद्धा नाही, फोडणी दिली की संपलंच. कढी करताना बेसन लावूनच गरम करायची. चोथा फेकू नका, थालिपिठात जातो.

आईंना आधी काही सांगू नकोस, काकडीची कोशिंबीर करून वाढ आणि मग बघ. थालीपीठ पण येऊ दे त्याबरोबर, भाजणी साताऱ्याहूनच मागव त्यांच्याकडून, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल की मुलगा आपलंच काही खातोय.

---

भुकेला_बाब्या

आई येऊन गेली. भाजणी तीन किलो, शेंगदाणे पाच किलो आणि तुपाची बरणी घेऊन आली, बरणी रूममेटला दिली. पहिले दोन दिवस नुसती बघत होती फ्रिज उघडून उघडून. तिसऱ्या दिवशी मी उसळ (एक शिट्टी!), घावन आणि शेंगदाण्याच्या दह्यातली काकडीची कोशिंबीर केली. खाऊन झाल्यावर म्हणाली दही जरा कमी विरजलंय तुझं. तेव्हा सांगितलं. पाच मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली देठ कोणी सांगितले, मी म्हटलं चिंचगूळ, ती म्हणाली ही कोण.

चहा मात्र तिने स्वतःचा वेगळा केला. आणि गौरी-गणपतीला पंचामृताचं काय करणार हा वाद चालू आहे, मी म्हटलं जेवणातलं मिरच्या-चिंच-तिळाचं पंचामृत व्हेगनच आहे, ती म्हणाली देवाला ते घालू का आंघोळीला. मोदकावर तुपाऐवजी नारळाचा रस चालेल इथपर्यंत आलीये.

---

आमसूल

नुसता चालेल काय, आमच्याकडे तसेच खातात. नारळाचं घट्ट दूध, गूळ, वेलची, गरम मोदक फोडून त्यावर घ्यायचं. आईंना माझा नमस्कार सांग.

---

खडूस

ते मिरचीचे देठ किती घ्यायचे म्हणालात? नुसते देठ की मिरचीसकट? बायको विचारतेय.

---

चिंचगूळ

सहा-सात, धुऊन पुसून, नुसते देठ, टोपीसकट पण मिरची नको. आणि वहिनींना विचारा सीरियल कुठली बघतात, सालं काढायला जरा लांबलचक एपिसोड लागतो.